सव्वातीनची डिलिव्हरी

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'इंट्राडे की डिलिव्हरी?'. वाचताना वाटतं, या दोन वेगळ्या जातीच्या माणसांच्या गोष्टी आहेत. माझ्या पाहण्यात माणूस एकच असतो. सकाळी सव्वानऊला तो इंट्राडेवाला असतो, आज घेऊन आजच विकणारा. दुपारी सव्वातीनला भाव खाली दिसला, की पोझिशन डिलिव्हरीत टाकतो, म्हणजे शेअर ठेवूनच घेतो, आणि घरी सांगतो, "लाँग टर्मसाठी घेतलाय." आज मला बोलायचंय ते या सव्वातीनच्या गुंतवणूकदाराबद्दल.

आधी हिशेब. लाखाचे शेअर्स त्याच दिवशी घेऊन विकले, तर विक्रीवर 0.025 टक्के, म्हणजे 25 रुपये एसटीटी, शेअर व्यवहारावरचा कर. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना 0.1 टक्का, म्हणजे मिळून 200. इंट्राडे स्वस्तच की! पण रोज दोन सौदे, तर वर्षाला जवळपास पाचशे. ऑर्डरला 20 रुपये ब्रोकरेज धरलं, तर सौद्यामागे 40. करा गुणाकार. वीस हजार ब्रोकरेज, साडेबारा हजार एसटीटी. जीएसटी मी अजून धरलाच नाही. लाखातले साडेबत्तीस हजार गेले, आणि ते शेअर वर गेले की खाली, हे अजून विचारलेलंही नाही. सेबीने 2022-23 या वर्षाची पाहणी केली, तेव्हा इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण तोट्यात निघाले. वर्षाला पाचशेच्या वर सौदे करणाऱ्यांत दहांपैकी आठ.

आता 4 जून 2024 आठवा. लोकसभेचे निकाल, सेन्सेक्स 4,389 अंशांनी खाली, म्हणजे 5.74 टक्के. त्या सकाळी कुणी लाखाच्या मार्जिनवर पाच लाखांची खरेदी केली आणि शेअर बाजाराइतकाच पडला, तर 28,700 गेले. डिलिव्हरीत बदलायचं म्हटलं, तर पूर्ण पाच लाख हवेत. ते नसले, की ब्रोकर सौदा कापून मोकळा. 7 जूनला सेन्सेक्स 3 तारखेच्याही वर बंद झाला. त्या आठवड्यात गावी लग्नाला गेलेल्या डिलिव्हरीवाल्याला परत आल्यावर काही घडल्याचंही कळलं नसेल.

टाळ्या नकोत, कारण नुसतं धरून बसणं हीही युक्ती नाही. येस बँकेचा शेअर 2018 मध्ये चारशेच्या आसपास होता. पडत गेला, तसे लोक "सरासरी खाली आणतोय" म्हणत घेत राहिले. मार्च 2020 मध्ये तो एका दिवशी दहाच्याही खाली जाऊन आला. बँक वाचवण्यासाठी केलेल्या पुनर्रचनेत शंभरहून अधिक शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. त्या दिवशी इंट्राडेतून फसून डिलिव्हरीत आलेलेही सरकारी आदेशाने दीर्घकालीन गुंतवणूकदार झाले!

मुदत खरेदीच्या आधी ठरते. नंतर ठरते ती सबब. म्हणून मी वहीत शेअरसमोर दोन ओळी लिहितो. पहिली, कधी विकणार. दुसरी, काय घडलं तर त्याआधीच विकणार.

काल ही वही चाळली. तीन ठिकाणी दुसरी ओळ कोरी आहे. ते तिन्ही शेअर अजून माझ्याकडेच आहेत.