मोठ्या आकाराच्या जुन्या नोटांचे जतन



बीड जिल्ह्यातील अनेक जुन्या घरांत दप्तरे, सनदा, खरेदीखते आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्यासोबत काही नोटा सापडतात. त्या आजच्या नोटांपेक्षा लांबीरुंदीने बऱ्याच मोठ्या असतात. त्यांवर उर्दू मजकूर असतो आणि मराठी, तेलुगू, कानडी व इंग्रजी या भाषांत किंमत लिहिलेली असते. या नोटांना आज बाजारात चलन म्हणून किंमत नाही. तथापि इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल मोठे आहे आणि ते टिकविण्याची वेळ आता हातची निसटू लागली आहे. अशा नोटांचा संग्रह सुरक्षित कसा ठेवावा, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

नोट हा एक दस्तऐवज

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ च्या हैदराबाद चलन कायद्यान्वये संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. प्रथम दहा व शंभर रुपयांच्या, १९१९ मध्ये एक व पाच रुपयांच्या आणि १९२६ मध्ये हजार रुपयांच्या नोटा निघाल्या. हे चलन ‘उस्मानिया सिक्का’ या नावाने ओळखले जाई. सात उस्मानिया रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातील सहा रुपये, असा हिशेब असे. या नोटा आरंभी लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या कंपनीत छापल्या जात; नाशिक येथे नोटांचा छापखाना सुरू झाल्यानंतर हे काम तेथे होऊ लागले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये भारतीय रुपया या भागात आला आणि त्या दशकात संस्थानी रुपया व्यवहारातून नाहीसा झाला. १९५६ मध्ये बीड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या सर्व स्थित्यंतरांची खूण एकेका नोटेवर आहे. त्यांवर फसली सन आहे, त्यात सुमारे ५९० मिळविले असता इसवी सन येतो. काही नोटांवर संस्थानचे अर्थमंत्री गुलाम मुहम्मद यांची सही आहे. हेच गृहस्थ पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. शाळेतील विद्यार्थ्याला संस्थानी राजवट म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

पाण्याने न केलेले नुकसान

नोटांचा कागद मुळात दुबळा नसतो. लाकडाच्या लगद्याऐवजी तो कापसाच्या धाग्यांपासून करतात. याचे एक उदाहरण हैदराबादच्याच नोटांचे आहे. २० मे १९२२ रोजी इंग्लंडहून मुंबईकडे निघालेली ‘इजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यात सोन्याचांदीबरोबर हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या, सही न झालेल्या नोटांचे गठ्ठे होते. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजावरील पाणबुड्यांनी हा खजिना वर काढण्यास प्रारंभ केला. त्या वेळी हाती आलेल्या नोटांपैकी काही आजही संग्राहकांजवळ आहेत.

दहा वर्षे समुद्राच्या तळाशी राहूनही जो कागद शिल्लक राहिला, तो घरातील पेटीत मात्र तुटतो. याचे कारण हवामानापेक्षा मनुष्याच्या हाताळणीत अधिक आहे. नोट मोठी असल्यामुळे ती बटव्यात मावत नाही. म्हणून तिची दोनदा-तीनदा घडी घातली जाते. घडीच्या रेषेवर धागे तुटतात आणि काही वर्षांनी नोटेचे तुकडे होतात. मोठ्या नोटेच्या जतनाचा पहिला नियम असा की, ती सपाट ठेवावी आणि तिच्यापेक्षा मोठ्या आवरणात ठेवावी.

घरगुती उपाय आणि त्यांतील धोके

मालक नोटेवर प्रेम करतो, पण त्या प्रेमापोटी केलेले उपाय अनेकदा घातक ठरतात. फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावली असता कालांतराने तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि पट्टी काढताना शाई निघते. लॅमिनेशन केल्यास उष्णता व प्लॅस्टिक यांचा कागदावर कायमचा लेप बसतो. तो पुन्हा काढता येत नाही. नोट इस्त्रीखाली धरू नये, धुऊ नये आणि खोडरबराने घासू नये. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटेला त्या कागदातील आम्ल लागते व डाग पडतात.

मऊ, वास येणारे स्वस्त प्लॅस्टिक टाळावे. बहुधा ते पी.व्ही.सी. असते आणि त्यातील द्रव्ये नोटेला चिकटतात. डांबरगोळ्यांची वाफ आरोग्यास अपायकारक आहे आणि काही प्लॅस्टिकही त्यामुळे मऊ पडते. त्या संग्रहात ठेवू नयेत. जुन्या नोटांवर दिसणारी दोन छिद्रे बहुधा गड्डीला टाचलेल्या तारेची असतात. नोटा टाचण्याची ही पद्धत बंद करण्याचे आदेश रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना दिले. नोटेत गंजलेली टाचणी अडकली असेल तर ती ओढून काढू नये. तार दोन्ही बाजूंनी हळूच सरळ करून मग काढावी.

जतनाची रीत

पहिली पायरी हाताळणीची. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नोट एका कोपऱ्याने उचलू नये. तिच्याखाली जाड गुळगुळीत पुठ्ठा सरकवून ती त्यावर घ्यावी. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात कागद ताठर होतो. अशा वेळी जुनी घडी उघडण्याचा प्रयत्न करू नये. पावसाळ्यात हवेत किंचित ओलावा असताना ती आपोआप सैल होते. उघडलेली नोट दोन स्वच्छ टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन ठेवावे आणि काही दिवस थांबावे. घडी सुटत नसल्यास ती तशीच राहू द्यावी. जबरदस्तीपेक्षा घडी बरी.

दुसरी पायरी आवरणाची. प्रत्येक नोटेसाठी स्वतंत्र आवरण असावे. स्वच्छ, ताठ पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी उत्तम. ती न मिळाल्यास आम्लरहित कागदाची घडीची पाकिटे करावीत. हातकागद वापरावयाचा असेल, तर तो कापसाच्या चिंध्यांपासून केलेला व तुरटीविरहित असल्याची खात्री करून घ्यावी, कारण तुरटीने कागदात आम्लता येते. मराठवाड्यास हातकागदाची परंपरा नवी नाही. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव त्याच व्यवसायाच्या नावाने ओळखले जाते. मोठ्या नोटेला आधार म्हणून पाकिटात तशाच आम्लरहित कागदाचा ताठ पुठ्ठा ठेवावा.

तिसरी पायरी जागेची. पाकिटे आडवी रचून सर्वांत मोठ्या नोटेपेक्षा मोठ्या पेटीत ठेवावीत. जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत पावसात छत गळते आणि लाकडात वाळवी असते. म्हणून पेटी भिंतीतील देवळीत किंवा जमिनीवर न ठेवता, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर ठेवावी. देवघरातील धूर व स्वयंपाकघरातील वाफ तिला लागू नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला कपड्याच्या पुरचुंडीत, पेटीच्या बाहेर ठेवण्यास हरकत नाही. नोटेला त्याचा स्पर्श होऊ नये. परंतु कसर व वाळवी यांवर खरा उपाय म्हणजे नियमित पाहणी. मृगाच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा पेटी उघडून पाहावी.

चौथी पायरी नोंदीची, आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. नोटेवर काहीही लिहू नये. पाकिटावर, नोट आत घालण्यापूर्वी, शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा. वहीत त्या क्रमांकापुढे किंमत, सन, सही, नोटेचा अनुक्रमांक, लांबीरुंदी आणि ती कोणाच्या घरी, कशी मिळाली हे लिहावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी फूटपट्टी ठेवून घ्यावीत. वहीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. हाली सिक्क्यात बाजार केलेली, त्यात मजुरी घेतलेली माणसे आता अत्यल्प उरली आहेत. त्यांनी सांगितलेली दोन वाक्ये नोटेइतकीच जपण्याजोगी आहेत.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कर्तव्य

मूळ नोट भिंतीवर चौकटीत लावू नये. प्रकाशाने शाई विटते. प्रदर्शनासाठी छायाचित्र वापरावे. ते एकाच बाजूचे, वेगळ्या आकाराचे असावे व त्यावर ‘प्रतिकृती’ असे ठळक लिहावे. ग्रामस्थाने नोट शाळेकडे अथवा वाचनालयाकडे ठेवावयास दिली तर लेखी पावती द्यावी आणि तीत मालकी कोणाची हे स्पष्ट करावे. नोट देण्यास कोणी तयार नसेल, तर तिची नोंद व छायाचित्र एवढ्यावर समाधान मानावे. ज्याची नोट त्याच्या घरी, पण योग्य पाकिटात राहिली, तरी हेतू साध्य होतो.

कायद्याची एक बाब ध्यानात ठेवावी. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा संग्रहात असतील, तर २०१७ च्या कायद्यानुसार एकूण दहापेक्षा अधिक नोटा जवळ बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन अथवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. शाळेच्या संग्रहालयाने हे पाळलेच पाहिजे.

तुकडे झालेली अथवा बुरशी लागलेली नोट स्वतः दुरुस्त करू नये. तुकडे एकाच पाकिटात सपाट ठेवून जाणकारांचा सल्ला घ्यावा. लखनऊ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा ही अशा कामातील शासकीय संस्था आहे. नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे, आणि राज्याचा पुराभिलेख विभाग जुन्या कागदपत्रांचे जतन करतो.

या साऱ्यास फार मोठा निधी लागत नाही. एक पेटी, काही पाकिटे, एक वही आणि वर्षातून तीन वेळा पाहणी करणारा एक जबाबदार माणूस एवढे पुरेसे आहे. प्रत्येक गावाने येत्या वर्षात निदान आपल्याकडील जुन्या नोटांची यादी पूर्ण करावी. ज्या कागदाने एका राजवटीत घरखर्च चालविला आणि दुसऱ्या राजवटीत जो निरुपयोगी ठरला, तो पुढच्या पिढीला अखंड, घडीविना पाहावयास मिळणे हे आता त्या त्या गावाच्या हाती आहे.