झाडूनपुसून ठेवलेला सह्याद्री



छायाचित्रकारांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, आभारी आहे. माझ्याआधी या खुर्चीत बसलेल्यांची कामं माझ्याहून मोठी आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. सातारकरांनी काल रात्री पंगतीत जो आग्रह केला त्याचा परिणाम म्हणून मी आज जरा सावकाश बोलणार आहे. स्वागत समितीचे मनापासून आभार.

अध्यक्षानं सरत्या वर्षाचा आढावा घ्यायचा असा आपला रिवाज आहे. घेतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. एकूण १२ किल्ले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत ११ आपल्याकडचे, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपल्या सगळ्यांनाच भरून आलं. साहजिकच यंदाच्या स्पर्धेत किल्ल्यांच्या प्रवेशिकांचा पूर आला. परीक्षकांच्या शेजारी बसून मी त्या सगळ्या पाहिल्या. प्रकाश उत्तम, धुकं हवं तिथं, तटबंदीची रेघ बरोबर एक तृतीयांशावर. आणि एकाही फोटोत त्या गडावर राहणारा, राबणारा, विकणारा माणूस नाही.

आढावा इथंच संपला. उरलेले कागद कार्यवाहांकडे आहेत. ज्यांना नवीन लेन्सांचं आणि ड्रोनच्या नियमांचं वाचायचं असेल त्यांनी ते चहाच्या वेळेला मागून घ्यावेत. मला जे बोलायचंय ते बोलायला मी बरीच वर्षं थांबलोय, आणि ही खुर्ची काही परत मिळणार नाही.

माझी तक्रार अशी आहे, की आपण सह्याद्री झाडूनपुसून दाखवतो. फोटोतून आधी विजेचा खांब जातो, मग निळी ताडपत्री, मग पाण्याची काळी टाकी, मग भज्यांची टपरी, आणि शेवटी टपरीवाला. एवढं सगळं गेल्यावर जे उरतं त्याला आपण निसर्ग म्हणतो आणि त्यावर आपली सही टाकतो.

रायगडाचं सांगतो. रोपवे १९९६ साली झाला, पण पायऱ्यांनी चढणाऱ्याला वाटेत ताकवाल्या मावश्या भेटतातच. हिवाळ्यातली सकाळ होती. महादरवाजाच्या दोन बुरुजांमधल्या वळणावर एक मावशी खालून हंडा घेऊन आल्या. हंड्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी तो पायरीवर टेकवला, फडक्याची वाळलेली बाजू आत करून ओली बाजू उन्हाकडे फिरवली, मग काकडीच्या फोडी पानावर मांडल्या आणि तिखटमिठाची पुडी सोडली. त्यांच्या मागं तो केवढा थोरला बुरूज. बुरूज किती उंच आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण त्याच्या पायाशी पाच फुटी बाई उभी होती. मी फोटो घेतला.

एका कॅलेंडरवाल्यांना तो फार आवडला. फोनवर म्हणाले, ‘‘झकास आहे. फक्त ती बाई तेवढी काढता येईल का?’’ मी म्हटलं, ‘‘बाई तिथं रोज असते, मी नसतो. काढायचंच असेल तर माझं नाव काढा.’’ त्यांनी दुसऱ्याचा फोटो छापला. छान छापला, रिकामा दरवाजा, सोनेरी ऊन.

आता आपल्यातले जाणकार म्हणतील की मोकळी चौकट ही निसर्गछायाचित्रणाची परंपराच आहे. आहे का? १८३८ साली दगेरनं पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गजबजलेला, पण भिंग कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागे, त्यामुळे चालणारी माणसं, गाड्या, घोडे काहीच उमटलं नाही. उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला एक इसम, आणि त्याचे बूट पुसणारा. फोटोत आलेला तो बहुधा पहिला माणूस. त्या बिचाऱ्या दगेरचा नाइलाज होता. आपण मात्र दहा स्टॉपचा काळा फिल्टर विकत घेतो, ट्रायपॉड ठोकतो, आणि पैसे मोजून तीच अडचण करून घेतो. ज्यांच्याकडे तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी २०१० पासून फोटोशॉप आपणहून मोकळी जागा भरून देतं, आणि २०२१ पासून तर फोनवर बोट फिरवलं की माणूस गायब.

उलट आपल्याकडची एकोणिसाव्या शतकातली लेण्यांची छायाचित्रं काढून बघा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळात कॅमेरा हाताळणाऱ्या पहिल्या हिंदी लोकांपैकी. त्या पिढीच्या फोटोंत खांबाशेजारी हमखास कोणीतरी उभा केलेला दिसतो. मापासाठी! पट्टी ठेवावी तसा माणूस ठेवलाय, नावगाव काही लिहिलेलं नाही. हेही मला पसंत नाही, पण तो निदान चौकटीत आहे. अजिंठ्याचंच घ्या. १८१९ साली कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीला गेला, त्याला लेणी दिसली, त्यानं दहाव्या लेण्यात खांबावर आपलं नाव नि साल कोरून ठेवलं. जागा दाखवली ती एका गुराख्याच्या पोरानं असं सांगतात. त्या पोराचं नाव विचारून बघा कोणाला येतंय का.

परवा एका चर्चेत माझ्या तोंडावर अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स फेकण्यात आला. थोर माणूस, वादच नाही. त्याचा लोन पाइन गावचा १९४४ चा तो प्रसिद्ध फोटो आहे, बर्फाची शिखरं, मध्ये काळी टेकडी, खाली उन्हात चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या पोरांनी चुन्यानं ‘एल’ आणि ‘पी’ अशी दोन भली मोठी अक्षरं रंगवली होती. अ‍ॅडम्सनं ती पुसली. पुसली हे लपवलं नाही, आपल्या पुस्तकात लिहिलं, हा त्याचा मोठेपणा. आणि त्याच भागात मांझानारच्या छावणीत अमेरिकेनं कोंडून ठेवलेल्या जपानी वंशाच्या लोकांचेही फोटो यानंच काढले, हेही विसरू नये. पण त्याचं योसेमिटी आपण डोक्यावर घेतलं ना, तिथं मूळचे आवाहनीची लोक राहत होते आणि १८५१ मध्ये बंदूकधाऱ्यांनी त्यांना त्या खोऱ्यातून हुसकून लावलं. निर्मनुष्य निसर्ग आपोआप निर्मनुष्य झालेला नसतो. आपल्या गडांवर अजून माणसं आहेत. आपण त्यांना फोटोतून आधीच बाहेर काढतोय.

कालच्या परिसंवादात मोबाइल की कॅमेरा यावर दोन तास गेले. मी मागं बसून ऐकत होतो. मला त्यावर एवढंच सांगायचंय. पावसाळ्यात एका रविवारी आम्ही पाच-सहा जण लोहगडावर गणेश दरवाजाखाली छत्र्या धरून उभे होतो. गर्दीत फट पडेल, वळणाची वाट मोकळी मिळेल, याची वाट बघत. फट कसली पडतेय! आमच्याबरोबर एक कॉलेजातली मुलगी होती, तिच्याकडे फोन. ती आमच्याकडे पाठ करून खाली वळली आणि तिनं ती गर्दीच टिपली. पायरीपायरीवर अडकलेली माणसं, रेनकोट, डोक्यावर ओढणी घेतलेली एक आजी, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आणि वर बुरुजावर आमच्यासारखाच एक ट्रायपॉडवाला चिडून बघतोय. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेला लोहगडाचा सर्वांत चांगला फोटो तो. त्या दिवशीचा लोहगड तसाच होता. मोबाइल की कॅमेरा या वादाचा निकाल माझ्यापुरता त्या पायरीवर लागला.

एआयचाही वाद आहेच. माझ्या पुतण्यानं मला गंमत म्हणून संगणकाला हरिश्चंद्रगडाचं चित्र करायला सांगून दाखवलं. क्षणात तयार. कोकणकडा, खाली ढग, आणि कड्याच्या टोकावर आपल्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा असलेला लाल जॅकेटवाला. तुम्ही हसताय, कारण हा गृहस्थ तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे! आपल्या चौकटीत प्रवेश असलेला हा एकमेव मनुष्यप्राणी. याला चेहरा नाही, गाव नाही, काही काम नाही. पाचनईहून डोक्यावर गॅस सिलिंडर घेऊन वर चढणारा पोरगा आपण पुसतो, आणि हा भाड्याचं जॅकेट घालून आला की याच्यासाठी थांबतो. संगणकाला दोष देऊ नका. आपण जे त्याला खाऊ घातलं तेच तो वाढतोय.

‘मग कचरा, पत्रे, ताडपत्र्या, सगळंच दाखवायचं का?’ असं आमचे एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी रागानं विचारतात. दाखवा. गडावरच्या टपऱ्यांनी प्लास्टिक दरीत फेकू नये, देवळाला पत्र्याची शेड चिकटवू नये, यावर मीही त्या लोकांशी भांडलोय. पण भांडायला समोर माणूस असावा लागतो. आपले फोटो बघून ज्या शहरी वाचकाची समजूत झालेली असते की गड म्हणजे धुकं आणि दगड, तो प्रत्यक्ष गेला की पिठलं-भाकरीवाल्या आजींना बघून म्हणतो, ‘‘हे अतिक्रमण कोणी होऊ दिलं?’’ आजींच्या चार पिढ्या तिथं गेल्या असल्या तरी. ही समजूत त्याला कोणी दिली? मी बोट दाखवणार नाही, सभागृहात आरसे नाहीत म्हणून.

कासच्या फुलांच्या पठाराचं तेच. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये ते वारसा यादीत गेलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी इथली मंडळी हंगामात शिट्ट्या घेऊन दिवसभर पठारावर उभी असतात म्हणून फुलं टिकून आहेत. पण आपण जमिनीवर पालथे पडून, रुंद लेन्स लावून, तेरड्याचा गुलाबी गालिचा थेट क्षितिजापर्यंत नेतो. शिट्टीवाला नाही, वाट नाही, गाड्यांची रांग नाही. तो फोटो बघून येणाऱ्याला वाटतं की हे अथांग आहे, यात चार पावलं आत गेलं तर काय बिघडतंय. आणि तो जातो आत.

आता एक शेवटचं, आणि हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. पुण्यात माझं एक प्रदर्शन होतं. तोरण्याचा एक जुना फोटो लावला होता, वर गड, ढग, खाली खोरं, खोऱ्यात खळं, खळ्यावर मळणी चाललेली. त्या खोऱ्यात आता धरणाचं पाणी आहे. एक गृहस्थ आले, वाशीच्या मार्केटला माथाडी कामगार होते. बराच वेळ उभे राहिले. गडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. काचेवर बोट टेकवून म्हणाले, ‘‘ह्ये आमचं खळं. ह्यो चुलता. ह्यो त्येचा बैल, मारका व्हता.’’ मग प्रत मागितली. मी देतो म्हटलं. जाताना दारातून परत फिरले आणि जरा संकोचून म्हणाले, ‘‘सायेब, वरचा गड कापला तरी चालंल. गड हाय तिथंच हाय. खालचं तेवढं मोठं करून द्या.’’

दिलं करून. त्या कॅलेंडरवाल्याला बाई नको होती, यांना गड नको होता. दोघांनीही माझ्या फोटोला कात्रीच लावायला सांगितली. पहिल्याला मी नकार दिला, दुसऱ्याचं ऐकलं, आणि असं का केलंत हे मला कोणी विचारू नये.

अध्यक्षानं काही संकल्प सोडायचे असतात. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ‘न पुसलेला फोटो’ असा एक विभाग असावा, मूळ फाइल जोडल्याशिवाय प्रवेशिका घ्यायची नाही. नियम कार्यकारिणी ठरवेल. माझ्या डोक्यात थोडे आहेत, थोडे नाहीत. फोटोखाली जागेचं नाव आणि तारीख लिहितो तसं, फोटोतल्या माणसाची हरकत नसेल तर त्याचंही नाव लिहावं. आणि आपल्यातल्या जुन्या लोकांच्या माळ्यावर निगेटिव्हांचे, स्लाइडचे डबे बुरशी धरून पडलेत, त्यांतल्या गावांचं, माणसांचं एक दप्तर करावं. कुठं ठेवायचं, पैसे कोण देणार, स्कॅन कोण करणार, हे विचारू नका. एक समिती नेमू. समिती नेमली की निदान चहा तरी होतो.

उद्या सकाळी साडेपाचला कासची बस आहे. गेटवर गावातली मंडळी तिकीट तपासतील, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. आपली नोंदणी ऑनलाइन झालेली आहे, पावत्या कार्यवाहांकडे आहेत. आखलेली वाट सोडून कोणीही आत पाऊल टाकायचं नाही, अध्यक्षांनी सुद्धा. संध्याकाळी सातला याच सभागृहात प्रत्येकानं एकेक फोटो पडद्यावर दाखवायचा आहे. फुलं सगळ्यांकडे असणारच आहेत. मी तुम्हाला शिट्टीवाल्याचं नाव विचारणार आहे.