शेडचं जोतं आधी, पत्रे नंतर



परसबागेशेजारी खुरपी, पंप, बियाणं, खताची पोती ठेवायला छोटी शेड बांधायची, असं बऱ्याच गटांनी ठरवलं आहे. आम्हा बायकांची बैठक बसली की पहिली चर्चा होते पत्र्यांची. पण गटाचे पैसे पत्र्यांतच संपले, तर जमिनीसाठी काय उरणार? बियाणं बुरसटतं आणि खताचा गोळा होतो, तो वरच्या पाण्यापेक्षा खालच्या ओलीने जास्त. म्हणून आज जोत्याबद्दल बोलू.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा टाकला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो तडकतो. ही माती काढून टाकायची आणि मुरूम भरायचा, हेच खरं काम.

जागा उंचवट्याची निवडा. पाणी साचतं ती नको. आपण 10 फूट बाय 8 फुटांची शेड धरू. चार खुंट्या ठोका, दोरी बांधा. कोपरा काटकोनात आला का, हे असं बघा: कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट भरलं, की कोपरा नीट आला.

आतली माती फूटभर खोल काढा. ती फेकू नका, भाजीच्या वाफ्यात टाका. कडेने दगड किंवा विटांचं बांधकाम जमिनीच्या वर 10 इंच येऊ द्या. मग मुरूम भरा, पण एकदम नाही. चार-पाच इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडा, धुमुसाने चोपा, मग पुढचा थर. न चोपलेला मुरूम पुढे खचतो आणि कोबा पोकळ राहतो. मुरूम जमिनीच्या वर 6 इंच आला की थांबा. एवढ्याला साधारण दीड ब्रास मुरूम लागतो. खांब रोवायचे असतील, तर ते कोब्याआधीच.

मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. त्यावर 4 इंच कोबा. माप एकाच घमेल्याचं: एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. सिमेंटची साधारण 5 पोती लागतील. पाणी बेताचंच घाला. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर कच्चा. सिमेंटने हात भाजतात, रबरी हातमोजे घाला. दाराकडे हलकासा उतार द्या.

दुसऱ्या दिवसापासून निदान 7 दिवस कोबा ओला ठेवा. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. इथे गटातल्या बायकांनी पाळ्या लावून घ्याव्यात, कारण गवंडी काम संपवून जातो आणि पाणी मारणं आपल्याकडेच येतं. ते चुकलं, तर चांगलं सिमेंटही भुसभुशीत होतं.

शेड झाल्यावर पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापाशी पडून मुरणार नाही, अशी चारी काढा.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब मांडताना आधी मुरूम, सिमेंट आणि मजुरी लिहा, पत्रे शेवटी. पत्रा कमी पडला तर पुढच्या वर्षी जोडता येतो. जोतं मात्र उकरून पुन्हा घालावं लागतं.