ओमेरची मोजणी आणि शेतातला सरवा
(शिंदखेडा येथे दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त पाठ)



आखाजीला आपल्या खानदेशात घागर पूजिली जाते, पितरांच्या नावे दान दिले जाते. बहुधा याच दिवसांत महाराष्ट्रातील ज्यू कुटुंबांत एक मोजणी चालू असते. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास वल्हांडण सण येतो. त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून 'आज पहिला दिवस', 'आज दुसरा', असे ४९ पर्यंत मोजावयाचे. पन्नासावा दिवस शावुओतचा, म्हणजे सप्ताहांच्या सणाचा.

ओमेर हे धान्याचे माप. जेरुसलेमच्या मंदिरात जवाच्या नव्या पिकातून एवढे माप अर्पण होई आणि तेथून दिवस मोजले जात. इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले. अर्पण थांबले, मोजणी राहिली.

या मोजणीची आज्ञा बायबलात लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तिला लागूनच दुसरी आज्ञा येते: कापणीच्या वेळी शेताचे कोपरे राखा, सांडलेली कणसे उचलू नका, ती गरिबांची आणि परक्यांची आहेत. शावुओतला रूथची कथा वाचतात. ही परदेशी विधवा जवाच्या शेतात सरवा वेचून सासूला पोसते. सरवा म्हणजे काय, हे शिंदखेड्यात सांगण्याची गरज नाही.

दानाला हिब्रूत 'त्झेदाका' म्हणतात. शब्दाचे मूळ न्यायाशी जोडलेले आहे, दयेशी नव्हे. बाराव्या शतकातील पंडित मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी अशी, की गरजूला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये.

कोकणातील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. या समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा निघाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. समाजातील बहुतेकजण इस्रायलला गेले. शाळेत आज मुख्यत्वे इतर धर्मांची मुले शिकतात. २०१६ मध्ये राज्य शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

काही ज्यू घरांत मोजणीबरोबर रोज एक नाणे डब्यात टाकतात. पहिल्या दिवशी एक रुपया, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवीत गेल्यास ४९ दिवसांत १,२२५ रुपये होतात. रक्कम मोठी नाही. मला स्वतःला रोज तोच एक रुपया अधिक आवडतो; वाढत्या आकड्याचा थोडा अभिमान चढतो. मोजणीत एखादा पूर्ण दिवस चुकला तर पुढे आशीर्वचन म्हणत नाहीत, अशी रूढी आहे. परंतु मोजणे सोडीत नाहीत.

येथे येताना एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, "साहेब, सरवा आता राहतो कुठे? भुईमुगाच्या शेंगाही मजुरी देऊन आम्हीच वेचून घेतो." त्यांना दोष देववत नाही. पाऊस दगा देतो, कर्ज डोक्यावर असते. परंतु पूर्वी त्या शेंगांवर ज्या बाईची चूल पेटे, ती आज काय करते? चैत्र-वैशाखात हाताला काम नसते. काही कुटुंबे गुजरातेत जातात, मुले आजीपाशी राहतात.

त्या मुलांच्या वह्यांसाठी आयोजकांनी दाराशी डबा ठेवला आहे. आजपासून ४९ दिवस मोजले की जून लागतो. शाळा उघडण्यापूर्वी डबा सर्वांसमक्ष उघडावयाचा, असे ठरले आहे.