अंतराळांतील एकाकी वाटसरू

प्रवासांत माणसाला माणूस भेटतो, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु सोबत मिळणें निराळें आणि संगत लाभणें निराळें. हा भेद डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकानें हंसतखेळत दाखविला. त्याची 'हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' ही नाट्यमाला ८ मार्च १९७८ पासून बी. बी. सी. च्या चौथ्या रेडिओ केंद्रावरून ध्वनिक्षेपित झाली, आणि १९७९ सालीं तिची कादंबरी निघाली.

आर्थर डेंट हा तिचा नायक. नव्या रस्त्यासाठीं त्याचें घर पाडावयास लोक येतात, आणि त्याच दिवशीं अंतराळांतील तसल्याच एका रस्त्यापायीं सबंध पृथ्वीच नाहींशी होते. फोर्ड प्रीफेक्ट हा मित्र त्याला वांचवितो. हा फोर्ड मूळचा परग्रहावरचा, १५ वर्षें पृथ्वीवर अडकून पडलेला. पण मैत्री असूनहि आर्थरला त्याची खरी जन्मभूमि ठाऊक नसते.

पुढें आर्थरच्या कानांत एक मासा घातला जातो. त्यायोगें विश्वांतील हरएक भाषा कळूं लागते. तथापि भाषा कळली म्हणून मनें जुळत नाहींत; उलट त्या माशापायीं अधिकच युद्धें झालीं, असें ग्रंथकार सांगतो. मार्विन नांवाचा यंत्रमानव अफाट बुद्धीचा. त्याच्या वांट्यास कामें येतात तीं पाहुण्यांना आंत आणण्याचीं, पडलेला कागद उचलण्याचीं. त्याचें रडगाणें सर्वांच्या कानांवर पडतें, मनावर मात्र कोणी घेत नाहीं. श्रोता हंसतो; आणि त्या बेपर्वा मंडळींच्या पंक्तीस आपणहि बसलों, हें त्याच्या मागाहून ध्यानांत येतें.

पृथ्वी गेली, हें आर्थरला उमजतच नाहीं. अमेरिका गेली, असें तो मनाशीं म्हणतो. कांहींच वाटत नाहीं. न्यूयॉर्क गेलें, तरीहि नाहीं. मग मॅकडोनाल्डचें हॅम्बर्गर आतां कोठेंच उरलें नाहीं, हा विचार येतो आणि तो मूर्च्छित पडतो. शुद्धीवर येतो तो आईसाठीं रडत.

हा विनोद दुःखाची थट्टा नव्हे. अफाट दुःख मनांत एकदम मावत नाहीं. तें एखाद्या क्षुद्र वस्तूच्या रूपानें आंत शिरतें. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर कोरड्या डोळ्यांनीं सर्व विधि उरकणारीं माणसें खुंटीवरची त्याची टोपी पाहून कोसळतात, तीं यामुळेंच.

पुढील भागांत आर्थर यानांतील यंत्राकडे चहासाठीं हट्ट धरून बसतो. सोबत्यांना तो हट्ट पोरकट वाटतो. पण त्या एका पेल्याखेरीज घर म्हणण्याजोगें त्याच्यापाशीं दुसरें कांहीं उरलेलें नसतें.