मनातील शंकेची प्रत्यक्ष कसोटी
(भाषणाचा मजकूर)



बुऱ्हाणपूरची भुयारी जलवाहिनी १६१५ सालची. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या अमदानीत तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी हेरून ती योजिली. अशा कामात भूगर्भात पाणी आहे की नाही, यावर वाद घालून भागत नाही; आधी विहीर खणून पाहावी लागते. या योजनेतील एका भांडाराचे नावच चिंताहरण आहे. पाण्याच्या चिंतेची ही रीत मनाच्या चिंतेलाही लागू पडते.

समजा, एक गृहिणी ग्रामपंचायतीत पंच म्हणून निवडून आली आहे. तिच्या गल्लीतील नळ बंद आहे. ग्रामसभेत हे सांगावयास हवे. परंतु ‘उभी राहिले की वाचा बसेल, सारे हसतील’ या विचाराने ती गप्प राहते. ही गप्प राहण्याची किंमत लहान नव्हे. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला, तो २५४ गावांच्या ग्रामसभांनी केलेल्या ठरावांच्या आधारे. जेथे ठरावाला एवढे वजन, तेथे न बोललेल्या माणसाची गल्ली नोंदीबाहेरच राहावयाची.

धीराचे चार शब्द सांगून तिची भीती सहसा जात नाही. तिने आपला अंदाज सभेपूर्वी कागदावर उतरवावा : एकही वाक्य पुरे होणार नाही, निम्मे लोक हसतील, सचिव नोंद घेणार नाहीत. अंदाज डोळ्यांनी व कानांनी पडताळता येईल असाच हवा. ‘लोक मनातून नावे ठेवतील’ हे कोण तपासणार? मग एकच प्रश्न विचारावा. तो मान खाली घालून किंवा पतीच्या तोंडून विचारला, तर कसोटी झालीच नाही. (पत्नीच्या जागी पतीने बोलण्याची ही प्रथा अधिकाऱ्यांनीही खपवून घेऊ नये.) घडले ते त्याच सायंकाळी लिहावे, कारण रात्र उलटली की भीती आठवणीला आपला रंग देते.

कदाचित आवाज कापेल, दोघे हसतील. पण प्रश्न पुरा होईल आणि नोंदला जाईल. अंदाज अर्धा खरा ठरला, तरी कोणता अर्धा हे आता कळले. पुढील सभेची तयारी तेवढ्यापुरतीच करावयाची.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी सभेत बोलण्यास अतिशय भीत. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी हेतुपुरस्सर पुनःपुन्हा भाषणे केली. आरंभी अस्वस्थता होतीच. हळूहळू भीती ओसरली आणि बोलणे आवडू लागले. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या उपचारपद्धतीत अशा प्रत्यक्ष कृतीला मोठे स्थान आहे.

शिक्षकांनी मात्र घाई करू नये. फळ्यापाशी येण्यास भिणाऱ्या मुलाला एकदम वर्गापुढे उभे करणे ही कसोटी नव्हे, शिक्षा होय. प्रथम बाकावरून उत्तर, मग सोबत्यासह फळा, असा क्रम असावा.

प्रत्येक भीती अशी तपासावयाची नसते. तापीच्या पुराची किंवा घरातील मारहाणीची भीती खरीच असते. तेथे सुरक्षितता आधी. झोप, जेवण तुटले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे अथवा १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही शासकीय सेवा विनामूल्य आहे.