परोपजीवी वनस्पती आणि आपले बियाणे



कामगार चळवळीत जन्म काढलेल्या माणसाने वनस्पतिशास्त्रावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु त्या शास्त्रातला एक शब्द आमच्या सभांतून जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका तो महाविद्यालयातही उच्चारला जात नसेल. तो शब्द म्हणजे बांडगूळ. स्वतः न राबता दुसऱ्याच्या श्रमावर जगणाऱ्याला आम्ही बांडगूळ म्हणतो, टाळ्या पडतात आणि सभा पुढे सरकते. ज्या झाडाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो ते झाड खरोखर काय करते, हे पाहण्यासाठी मी पुस्तके चाळू लागलो; आणि तेथून निघालेली वाट थेट आपल्या ताटातल्या भाकरीपर्यंत येऊन पोचली. त्या वाटेवरचे चार टप्पे आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम बांडगूळच घेऊ. आंब्याच्या फांदीवर दिसणारे हे झुडूप हिरवेगार असते, आणि हिरवे पान म्हणजे उन्हावर चालणारा अन्नाचा कारखाना. म्हणजे बांडगूळ स्वतःचे पुष्कळसे अन्न स्वतः तयार करते. ते आंब्याकडून चोरते ते मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. शास्त्रज्ञ त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. त्याचे फळ फूलटोचा नावाचा चिमुकला पक्षी खातो, चिकट बी फांदीला चिकटते, आणि तेथेच नवे बांडगूळ रुजते. याच्या उलट कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेल पाहा. तिला जवळजवळ हिरवा रंग नाही, आणि एकदा आधार सापडला की जमिनीत मूळही उरत नाही. ती सर्वस्वी दुसऱ्यावर जगते. तेव्हा आमच्या वक्त्यांनी यापुढे अमरवेलीचा दाखला द्यावा. बांडगूळ निदान अर्धे काम तरी करते!

परंतु ह्या दोघांहून गरिबांच्या पोटावर अधिक घाव घालणारी वनस्पती तिसरीच आहे. ज्वारीच्या शेतात उगवणारा टारफुला आपल्यापैकी शेतीशी नाते असलेल्यांना ठाऊक असेल. वीतभर रोपटे, नाजूक फूल. पण जमिनीखाली त्याचे मूळ ज्वारीच्या मुळात घुसलेले असते. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे बारीक असून एका रोपावर हजारोंनी धरते आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. इतक्या बारीक बियात शिदोरी ती किती असणार? उगवल्यावर थोड्याच दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर ते मरते. म्हणून ते वाट पाहते. जवळ ज्वारीचे मूळ आल्याखेरीज उगवतच नाही.

आता प्रश्न असा की, त्या आंधळ्या बियाला ज्वारी आल्याचे कळते कसे? ज्वारीचे मूळ मातीत काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात सोडते, त्यांच्या चाहुलीने हे बी जागे होते. अशा द्रव्यांपैकी पहिल्याचा शोध १९६६ साली लागला, आणि मौज अशी की ते कापसाच्या मुळांतून मिळाले. मग झाडाने शत्रूला जागे करणारे द्रव्य सोडावेच का? ह्याचे उत्तर मिळायला २००५ साल उजाडले. जमिनीत काही उपकारक बुरशी असतात. त्या मुळांना स्फुरद मिळवून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. देवाणघेवाणीचा हा रोकडा व्यवहार आहे. ज्वारीची ती हाक ह्या मित्रांसाठी होती. चोराने ती ऐकली आणि तोच दाराशी आला!

कापसाची गोष्ट येथे उपयोगी पडते. कापसाची मुळेही तीच हाक घालतात, पण टारफुल्याला कापसावर जगता येत नाही. त्यामुळे कापसाच्या शेतात टारफुल्याचे बी फसून उगवते आणि उपाशी मरते. पिकांची फेरपालट करावी, हा जुना सल्ला ह्या एका बाबतीत किती नेमका ठरतो पाहा.

आता दुसरा टप्पा, आनुवंशिकतेचा. सगळ्या ज्वाऱ्या सारख्याच मोठ्याने हाक घालीत नाहीत. काही वाण असे आहेत की त्यांच्या मुळांतून सुटणाऱ्या द्रव्याने टारफुल्याचे बी क्वचितच उगवते. हा गुण पुढच्या पिढीत कसा जातो? त्याचा हिशेब ग्रेगोर मेंडेल ह्या ब्रनो येथील मठवासी संन्याशाने घालून दिला होता. १८५६ ते १८६३ पर्यंत त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे मोजली, १८६६ साली निबंध छापला, आणि १९०० सालापर्यंत जगाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याचे म्हणणे सोपे होते. प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन रंग कालवावेत तसे ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. एक दुसऱ्याला झाकतो एवढेच.

ज्वारीचा हा मंद हाकेचा गुण असाच झाकला जाणारा आहे. अशी ज्वारी साध्या ज्वारीशी संकरित केली की पहिली पिढी सगळीच्या सगळी टारफुल्याला बळी पडणारी निघते. घाईचा माणूस म्हणेल, गुण बुडाला, बी फेकून द्या. पण त्याच पिढीचे बी पुन्हा पेरा. दर चार रोपांत सरासरी एक रोप तो गुण घेऊन उभे राहील. गुण बुडाला नव्हता, दबला होता. दबलेला आणि संपलेला ह्यांतला फरक आम्हा चळवळीतल्या माणसांना निराळा सांगायला नको.

तिसरा टप्पा जरा भयाचा आहे. आनुवंशिकता जशी पिकाला आहे तशी परोपजीवीलाही आहे. त्याच्या पिढ्या भराभर होतात, त्यांत फेरफार होतात, आणि ज्याला पिकाचे कुलूप उघडते त्याचाच वंश वाढतो. शेतात नाना प्रकारची कुलुपे असतील तर एका किल्लीने चोराचे भागत नाही. पण साऱ्या गावाला एकच कुलूप असेल तर?

ह्याचे उत्तर आयर्लंडने दिले. तेथील गरीब कुळे बटाट्यावर जगत, आणि त्यातही लंपर नावाचा एकच वाण फार पसरला होता. बटाटा लावतात तो कंदाने, म्हणून ती सारी रोपे एकाच झाडाच्या नकला. १८४५ साली करपा आला आणि पुढील काही वर्षांत पीक पुन्हापुन्हा सडले. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि गुरे इंग्लंडला जात होती, हेही विसरू नये. करपा निसर्गाने आणला. दुष्काळ मात्र माणसाच्या व्यवस्थेने केला.

दुसरा दाखला अमेरिकेतला, १९७० सालचा. मक्याचे संकरित बी करताना मादी म्हणून लावलेल्या ओळींचे तुरे मजुरांकडून हाताने खुडून घ्यावे लागत. पुढे असा मका हाती आला की ज्याच्या तुऱ्यात सकस परागच धरत नाही. मजुरी वाचली, आणि बियाणे उत्पादकांनी तो गुण जवळजवळ सगळीकडे वापरला. हा गुण आईकडूनच उतरत असल्यामुळे देशातल्या चार-पंचमांशांहून अधिक मक्याची आई जणू एकच झाली. मग एका बुरशीचा नवा वंश आला. तिच्या विषाने नेमके त्याच मातृवंशाच्या मक्याला घेरले, कारण तुरा वांझ करणारे जनुकच त्या विषाला दार उघडून देत होते. त्या वर्षी देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. त्यानंतर तुरे खुडायला पुन्हा माणसे बोलवावी लागली. मजुरीत वाचवलेला पैसा कोणाच्या खिशात गेला आणि नुकसान कोणाच्या शेतात झाले, हा हिशेब आपण मनाशी करावा.

चौथा टप्पा उपायाचा, म्हणजे विविधतेचा. १९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर तुडतुड्यांमार्फत पसरणारा एक विषाणुरोग आला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने संग्रहातले सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. टिकला तो एकच, आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानटी भाताचा नमुना. व्यापाऱ्याने ज्याला दमडी दिली नसती अशा त्या गवताच्या अंगचा गुण पुढे कोट्यवधी लोकांच्या भातात उतरवला गेला.

असे बी जगभर हिंडून गोळा करण्याचे काम निकोलाय वाविलोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने आरंभिले. लायसेन्को नावाच्या माणसाने मेंडेलचे शास्त्र खोटे ठरवले, सत्तेने त्याची पाठ राखली, आणि १९४० साली वाविलोव्हला अटक झाली. १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. त्याच सुमारास वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे सहकारी बियांच्या पेट्या राखीत होते. त्यांतले अनेक जण उपासमारीने मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. हे कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात घडले, म्हणून आमच्यासारख्यांनी ते अधिक मोठ्याने सांगितले पाहिजे. कोणाच्याही घोषणेने वाटाण्याचे गणित बदलत नाही.

आज दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत चार लाखांहून अधिक नमुने थंडीत जपलेले आहेत. ते हवेतच. पण पेटीतले बी झोपलेले असते. बाहेर चोर नव्या किल्ल्या घडवीत असतो, त्याची पेटीतल्या बियाला खबर नसते. ती खबर शेतात दरवर्षी पेरल्या जाणाऱ्या बियालाच लागते. म्हणून बी राखणारा शेतकरी आणि त्याच्या घरी बी निवडून ठेवणारी बाई ही ह्या शास्त्राची बिनपगारी कर्मचारी मंडळी आहेत. बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा त्यांचा हक्क आपल्या देशात २००१ सालच्या कायद्याने मान्य केला आहे. मुद्रांकित बियाणे विकण्यापुरती काय ती बंदी. पण कागदावरचा हक्क वापरला नाही तर गंजतो, हा आमच्या चळवळीचा रोजचा अनुभव आहे.

आपण शहरातली माणसे काय करू शकतो? बाजारात जे खपते तेच शेतात उरते. वर्षभर एकाच जातीचा तांदूळ आणि एकाच गव्हाचे पीठ मागणारे गिऱ्हाईक नकळत साऱ्या मुलुखाला एकच कुलूप लावीत असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, गावोगावचे तांदूळ आपण मागू लागलो, तर ते पेरणारे हात टिकतील. ते टिकले तर उद्याच्या रोगाला उत्तर देणारा एखादा दबलेला गुणही कुठल्यातरी कणसात टिकेल. तो आज कोणत्या कणसात आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच एकही कणीस फालतू समजू नये, एवढीच माझी विनंती आहे.